नव्या पेठेतली कॉट बेसिस खोली : चार पार्टनर, नोट्सचे ढीग आणि कुबट वास

कंदील_बत्ती
नमस्कार मंडळी. पुण्यात गांजवे चौकापासून चालत पाच मिनिटांवर एका जुन्या इमारतीत कॉट बेसिसवर राहतो. दहा बाय बाराची खोली, चार लोखंडी कॉट, भिंतीत एक कपाट (चार कप्पे, प्रत्येकी एक) आणि एकच खिडकी, तीही डक्टमध्ये उघडणारी. संडास-बाथरूम आतच. तिघे एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेवाले, चौथा सरळसेवेची (थेट भरतीची) तयारी करतो. मेसचा डबा येतो, खोलीत स्वयंपाक नाही. तरीही अवस्था अशी की घरून कोणी येणार म्हटलं की आम्ही त्यांना अभ्यासिकेच्या खालीच गाठतो, वर आणत नाही.

कागद हा पहिला त्रास. पेपर, मासिकं, झेरॉक्स, टेस्ट सिरीजचे संच, सगळं कॉटखाली आणि कॉटवर. दुसरा म्हणजे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, खोलीतच दोऱ्या बांधल्यात, त्यामुळे कुबट वास. बाथरूमबद्दल न लिहिलेलं बरं. भिंतीवर पाळीचा तक्ता लावला होता. मग एकाची पूर्व परीक्षा जवळ आली, दुसरा पोळ्याला गावी गेला, तिसरा म्हणाला मी दिवसभर अभ्यासिकेत असतो, खोलीत केर करतो कधी? तक्ता अजून आहे, त्यावर आता चहाचा हिशेब लिहितात.

अनुभवी लोकांनी मार्ग सुचवावा. 'मन स्वच्छ तर खोली स्वच्छ' छापाचं काही नको, प्लीज.

उचलली_जीभ
सोपा उपाय आहे. निकाल लागेपर्यंत ट्यूबलाइट लावू नका.

पोस्टिंग_गडचिरोली
कंदील, याच पेठेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. पाळीचा तक्ता फाडून टाका. पाळीत काय होतं, काम झालं नाही हे सगळ्यांना दिसतं, पण ते कोणामुळे राहिलं यावर वाद घालता येतो. 'काल मी नव्हतो', 'तो केर तुझ्या चिवड्याचा आहे' वगैरे. त्याऐवजी कामं कायमची वाटून घ्या. बाथरूम एकाचं. केर आणि फरशी दुसऱ्याची. कचरा आणि रद्दी तिसऱ्याची. पिण्याचं पाणी, बादल्या आणि मेसचे डबे चौथ्याचे. बाथरूम घाण दिसलं की नाव एकच येतं, चर्चा नाही. सहामाहीला हवं तर बदला, पण दर आठवड्याला नको.

ज्याची परीक्षा आहे त्याला महिनाभर सूट द्यायची आणि नंतर तो दुसऱ्याच्या परीक्षेत फेडतो. हे आधीच बोलून ठेवा. परीक्षेच्या तोंडावर बोलायला गेलात तर भांडण ठरलेलं.

आणि एक हद्द ठरवा. कॉटवर आणि कॉटखाली जे आहे ते ज्याचं त्याचं, त्यावर बाकीच्यांनी बोलायचं नाही. मात्र मधल्या फरशीवर रात्री झोपताना जे सापडेल ते दाराशी ठेवलेल्या खोक्यात. आमच्याकडे त्याला जप्ती म्हणायचे. एकदा एकाचं हॉल तिकीटच जप्त झालं होतं, सकाळी सहाला सगळी खोली खोक्यात डोकं घालून. पण त्यानंतर फरशी रिकामी राहायला लागली.

वर्ध्याची_आई
माझा मुलगा तिकडेच शिकून राहिला म्हणून धागा वाचला. तुमच्या खोलीतल्या मुंग्या-झुरळांना अर्ध्या तर आम्ही आया जबाबदार असतो. दर खेपेला लाडू, शंकरपाळे, चिवडा, मेतकूट, दोन प्रकारची लोणची. खाणारा एक, डबे सहा. तेलकट झाकण नीट लागत नाही, मग झुरळं. माझा नियम आहे, रिकामा डबा घासून परत आला तरच भरलेला जाईल. आणि फिरकीच्या झाकणाच्या बरण्याच देते, दाबून बसवायच्या झाकणाचे डबे बंद केले.

मेसचा डबा रात्रभर तसाच ठेवू नका रे पोरांनो. निदान पाणी घालून ठेवा.

ग्रंथपाल_नाशिककर
कागदाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या खोलीचा खरा आजार तोच आहे. केर काढायला पाच मिनिटं लागतात, पण फरशी दिसत नसेल तर झाडू फिरवणार कुठे?

स्पर्धा परीक्षेचा कागद तीन जातींचा. एक, जो कधीच शिळा होत नाही : स्टेट बोर्डाची पुस्तकं, भूगोलाचे नकाशे, राज्यघटनेवरचं ठोकळा पुस्तक, स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स. हा कपाटात. दुसरा, ज्याला मुदत असते : चालू घडामोडींची मासिकं, आर्थिक पाहणी, अर्थसंकल्पाची कात्रणं. नवीन आर्थिक पाहणी आली की जुनी फक्त तुलनेपुरते आकडे टिपून घेऊन काढून टाकायची. वार्षिकी घेतली असेल तर बारा सुटी मासिकं कशाला? तिसरा, जो आला तेव्हाच रद्दी होता : क्लासची माहितीपत्रकं, कोणीतरी ग्रुपवर टाकली म्हणून काढलेली दीडशे पानांची प्रिंट, जी कोणीही उघडत नाही.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तरी मुख्यच्या जुन्या बहुपर्यायी संचांचे गठ्ठे अजून कॉटखाली दिसतात. पूर्व अजून बहुपर्यायीच आहे, ते संच ठेवा. मुख्यचे सरळसेवावाल्याला चालत असतील तर त्याला द्या, नाहीतर काढा.

चौघांत पेपर किती येतात? चार येत असतील तर दोन करा. महिन्याला साठ अंक कमी होतील.

जुन्या वाड्यांच्या भिंतींना ओल असते. रॅक किंवा पुस्तकांची थप्पी भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. खालचा थर फरशीवर नको, विटांवर फळी टाकली तरी चालेल. बुरशी धरलेलं पुस्तक खोलीत झटकू नका, गच्चीवर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि वारा लागू द्या. चंदेरी कसर दिसली तर समजा की तिथे ओल आणि अंधार दोन्ही आहे. ती पुठ्ठ्याच्या बांधणीतली खळ खाते. पुठ्ठ्याची खोकी तर तिला आंदणच, त्यापेक्षा पत्र्याची पेटी शंभर पटींनी बरी.

डांबरगोळ्या उघड्या खोलीत टाकून त्यातच झोपायची सवय काही मुलांना असते. तसं करू नये. घट्ट बंद पेटीतच ठीक.

कंदील_बत्ती
सर, पटतंय सगळं. पण एका पार्टनरला एक नायब तहसीलदार झालेला सीनियर जाताना तीन पोती नोट्स देऊन गेला. त्या तो उघडत नाही आणि टाकतही नाही. 'पास झालेल्याच्या नोट्स आहेत' म्हणतो. त्यांना अगरबत्ती लावायचीच काय ती बाकी आहे.

उचलली_जीभ
त्या सीनियरलाही त्या आधीच्या सीनियरनेच दिल्या असणार. त्यानेही उघडल्या नसतील, म्हणून तर पास झाला.

पोस्टिंग_गडचिरोली
हसण्यावारी नेऊ नका, हा नवी पेठेतला मोठा प्रश्न आहे. खोली सोडणारा नोट्स सोडून जातो आणि येणारा त्या वारसा म्हणून सांभाळतो. त्याला सांगा, प्रत्येक विषयाची एकच वही निवड, बाकीचं पोतं शिवून माळ्यावर टाक. तीन महिन्यांत पोतं उघडलं नाही तर तोच काढायला तयार होतो. टाक म्हटलं की माणूस अडतो.

रद्दी विकताना कोऱ्या पाठीची पानं वेगळी काढा. उत्तरलेखनाच्या सरावाला वह्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

श्टुटगार्टकर
इथे जर्मनीत विद्यार्थी-वसतिगृहात राहतो, सहा जणांत एक स्वयंपाकघर. आमच्या या श्वाबेन भागात इमारतीचा जिना कोणत्या आठवड्यात कोणी झाडायचा याची पाटीसुद्धा दारावर लटकवतात. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर. त्यामुळे पाळी चालत नाही हे मला पटत नाही. पाळी चुकली तर सगळ्यांच्या कॉफीचे पैसे भरायचे, एवढं ठेवलं की चालते.

कुबट वासावर इथला उपाय : दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या. दिवसभर किलकिली ठेवायची नाही. भिंतींना बुरशी धरत नाही. भाडेकरारातही लिहिलेलं असतं.

नट_बोल्ट
श्टुटगार्टकर, तुमच्याकडे हिवाळ्यात हे अचूक आहे, पण नव्या पेठेत जुलैमध्ये ते लागू पडत नाही. तुमच्याकडे बाहेरची हवा थंड असते. थंड हवेत मुळात बाष्प कमी मावतं. ती आत येऊन तापली की कोरडी होते आणि खोलीतली ओल शोषून घेते. पुण्यात पावसाळ्यात बाहेरची हवाच ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रतेची. खिडकी उघडून ओल जात नाही, फार तर शिळा वास जातो. त्यातून यांची खिडकी डक्टमध्ये, तिथे इतर सात बाथरूमांची वाफ जमलेली.

त्यामुळे ओल आत आणणं कमी करायचं. हाताने पिळलेल्या बादलीभर कपड्यांतून लिटरभराहून जास्त पाणी खोलीच्या हवेत जातं. चौघांचे कपडे एकाच रविवारी वाळत घातले तर भिंती ओलावणारच. चौघांनी चार वेगळे वार धरा. जीन्स आणि चादरी पावसाळ्यात लाँड्रीत द्या. कपडे पिळून झाले की कोरड्या पंच्यात गुंडाळून परत एकदा पिळा, बराच फरक पडतो. दोरीवर एकावर एक न टाकता हँगरवर, मध्ये हात जाईल एवढं अंतर सोडून लावा आणि पंखा थेट त्यांच्यावर. कपडा सुकतो तो वाहत्या हवेने, तुमच्या खोलीत ती फक्त पंख्याकडून मिळणार.

बाथरूमला एक्झॉस्ट पंखा असेल तर अंघोळीनंतर दार लावून तो चालू ठेवा. दार उघडं ठेवून वाफ खोलीत सोडणं ही जवळपास प्रत्येक खोलीतली सवय आहे.

श्टुटगार्टकर
मान्य. जुलैचा विचार केला नव्हता. पण ऑक्टोबर ते मे माझी दहा मिनिटं चालतील की!

नट_बोल्ट
चालतील. दार आणि खिडकी दोन्ही एकदम उघडा, म्हणजे वारा आरपार जाईल.

खाज_खुजली_तज्ज्ञ
(नाव विनोदी असलं तरी त्वचारोगाचीच प्रॅक्टिस आहे.) अर्धवट सुकलेले अंतर्वस्त्र आणि जीन्स घालून दिवसभर अभ्यासिकेच्या रेक्झिनच्या खुर्चीवर बसणारी मुलं पावसाळ्यात रांगेने येतात. जांघेतलं, कमरेवरचं गजकर्ण. एकाला झालं की टॉवेल, बेडशीट, उसनी घेतलेली हाफ पँट यांवरून चौघांना. खोली स्वच्छ ठेवणं यात हेही येतं : टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, वाळत घालायची जागाही वेगळी.

मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणून लावू नका. त्यांतल्या अनेक ट्यूबांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, बुरशी मात्र पसरते आणि नंतर साध्या औषधाला दाद देत नाही. डॉक्टरला दाखवा आणि सांगितलेला पूर्ण काळ औषध घ्या, चौघांनाही असेल तर चौघांनी एकदम.

सरबताची_बाटली
बाथरूमबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. आम्ही मुलींच्या पीजीत पाच जणी. बोअरच्या पाण्याचे पांढरट डाग घासून जात नाहीत, ते क्षारांचे असतात. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी अर्धा तास ठेवून मग घासायचं. रोज अंघोळ झाली की वायपरने पाणी ओढून टाकायचं, हे ज्याने अंघोळ केली त्याचंच काम. यात वाटणी नाही, पाळी नाही.

टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही ओतू नका. क्लोरीन वायू तयार होतो, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये घुसमटून माणूस पडू शकतो. 'दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

बादल्या आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकाम्या करून आतली कड घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस.

मुलींसाठी : सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळं द्या. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या (कचरावेचकांच्या संस्थेच्या) ताईंना आत काय आहे ते कळतं. ओला-सुका वेगळा करणं नियमाने बंधनकारक आहेच, पण पीजीत ते कोणी पाळत नाही. मेसच्या उरलेल्या भाजीत भिजलेले टेस्टचे कागद ना रद्दीत जातात ना खतात.

सातारी_तात्या
रयतच्या बोर्डिंगात वाढलेला माणूस आहे. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग सुरू केलं, तिथे झाडणं-सारवणं, पाणी भरणं मुलांनीच करायचं. आमच्या वेळीही पहाटे खोली झाडल्याशिवाय न्याहारी नव्हती. एक ट्रंक, एक वळकटी. पसारा करायला वस्तूच नव्हत्या. हल्लीच्या मुलांना झाडू धरायची लाज वाटते.

कंदील_बत्ती
तात्या, आदर आहे. पण लाजेचा प्रश्न नाही हो. तुम्हाला रेक्टर होते, घंटा होती. इथे चौघांना एकमेकांना सांगायचा अधिकार नाही. आणि ट्रंक एकच म्हणता, आमचा अभ्यासक्रमच दोन ट्रंकांचा आहे.

सातारी_तात्या
अधिकाराचं म्हणता ते खरं. वर गडचिरोलीवाल्यांनी कामं वाटायला सांगितलीत ते करा.

सरबताची_बाटली
किंवा सरळ मावशी लावा. आमच्याकडे एक दिवसाआड केर-फरशी-बाथरूम करून जातात. पाच जणींत मिळून माणशी पडतो तो खर्च आठवड्याच्या चहापेक्षा कमी. मात्र फरशीवर सामान असेल तर मावशी फक्त मधलंच पुसतात, त्यांचा दोष नाही. त्यामुळे कागद आधी आवरावा लागतोच.

कंदील_बत्ती
आता एक गोष्ट, जी मूळ धाग्यात मुद्दाम लिहिली नव्हती. ढेकूण आहेत. कॉटच्या सांध्यांत आणि एका गादीच्या शिवणीत. एक पार्टनर म्हणतो, गावाकडे धान्याच्या कणगीत ठेवतात त्या गोळ्या आणू, खोली एक दिवस बंद ठेवू, संपला विषय.

नट_बोल्ट
अजिबात नाही. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. दमट हवेत त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तो भिंतीच्या फटींतून, डक्टमधून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसं मरतात. त्यावर उतारा नाही. घरात ढेकणांसाठी त्या ठेवून मृत्यू झाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. पार्टनरला हे आजच दाखवा.

पोस्टिंग_गडचिरोली
शंभर टक्के अनुमोदन. रॉकेलही नको, लोखंडी कॉटवर ओतून शेजारी लॅपटॉपचा चार्जर, आग लागायची.

नीट करायचं तर असं. घरमालक काकूंना आधी सांगा, लपवू नका. शेजारच्या खोल्यांतही असणारच, एकट्या तुमच्या खोलीत फवारून उपयोग नाही. कॉट सुटे करून गच्चीवर न्या, सांध्यांत आणि पायांच्या पोकळ नळ्यांत उकळतं पाणी ओता. उष्णतेने ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. चादरी, उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात. मग परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाला बोलवा आणि दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी ठरवूनच घ्या. पहिल्या फवारणीतून अंडी बऱ्याचदा वाचतात, आठवडा-दहा दिवसांत फुटतात. मुलं एकदाच फवारतात आणि महिन्याने म्हणतात औषध भेसळीचं होतं. सुट्टीत खोली बंद ठेवूनही भागत नाही, ढेकूण कित्येक महिने उपाशी राहतो.

गादी जुनी असेल तर फेकताना फाडून फेका. नाहीतर रात्री कोणीतरी उचलून शेजारच्या इमारतीत नेतो.

सरबताची_बाटली
झुरळांसाठी जेल लावणार असाल तर त्याच जागी स्प्रे मारू नका. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. आमच्या पीजीत हे दोन्ही एकदम चाललं होतं.

वर्ध्याची_आई
घरी येताना बॅग तपासून आणा रे बाबांनो. ढेकूण आईकडे नको.

कंदील_बत्ती
प्रगती सांगतो. गोळ्यांचा विषय बंद, पार्टनर घाबरला. काकू चिडल्या, पण फवारणीचा निम्मा खर्च देणार म्हणाल्या आणि वरच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्याही घ्यायला लावणार आहेत. पहिली फवारणी झाली. कामं वाटली : माझ्याकडे कचरा-रद्दी आली. पेपर चारचे दोन केले, त्यावर एक दिवस अबोला होता. रद्दी 'कागद काच पत्रा' वाल्या ताईंना दिली. त्या म्हणाल्या नवी पेठेतली रद्दी निकालानंतर सगळ्यात जास्त येते, पास झालेले देतात आणि कंटाळून परत जाणारेही देतात.

पोत्यांचा तिढा कायम आहे. एक माळ्यावर गेलं, दोन कॉटखालीच. नोट्सच्या पोत्यात ढेकूण राहतात का, हे कोणी अधिकारवाणीने सांगेल तर मला हवंच आहे.

ग्रंथपाल_नाशिककर
राहतात. कॉटजवळ असतील तर कागदाच्या घड्यांत आणि पुस्तकांच्या पाठीतही लपतात. उन्हात काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवायला मे महिना लागेल, पावसाळ्यात ते होणार नाही. तोवर पोती प्लॅस्टिकमध्ये घट्ट सीलबंद करून खोलीबाहेर. असं छापून दाखवा त्यांना, खाली माझं पद लिहा हवं तर.

कंदील_बत्ती
छापतो! पुस्तकांसाठी लहान रॅक कुठे स्वस्तात मिळेल? नवीन घेण्याचं बजेट नाही.

पोस्टिंग_गडचिरोली
जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जा. रॅक लोखंडीच घ्या आणि सांधे उघडून बघा. लाकडी स्वस्त मिळेल, पण त्यात पुन्हा तेच पाहुणे सोबत यायचे.